थोरल्या सुनेचं नाव

आधीच सांगून टाकते, या लिखाणात मी कुणाचंही नाव घालणार नाही. आमच्या कुळातली माणसं नावाच्या बाबतीत फार हळवी आहेत. छापील पुस्तकात कुणाचं नाव आधी आलं आणि कुणाचं मागे राहिलं, एवढ्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरी पाणी पिणं सोडलेलं मी पाहिलं आहे. या वयात मला कुणाशी भांडायचं नाही. भांडायचं होतं तेवढं तेव्हाच भांडून झालं.

साल पस्तीस असेल, नाहीतर छत्तीस. मी नाशकात मुलींच्या शाळेत शिकवत होते. वय बावीस, लग्न व्हायचं होतं आणि अक्षर चांगलं होतं. या शेवटच्या गुणामुळे मला आमच्या कुलवृत्तांत मंडळात जागा मिळाली. त्या दिवसांत कुलवृत्तांताचं वेडच आलं होतं. ज्या त्या आडनावाची माणसं एकत्र जमून आपल्या घराण्याचा इतिहास छापायला निघाली होती. आमच्यात पुढाकार घेतला तो वडिलांच्या एका लांबच्या चुलतभावाने. ते मामलेदार म्हणून निवृत्त झाले होते, सत्तरीला आले होते आणि हुकूम सोडायला हाताखाली कुणी उरलं नव्हतं. ते अध्यक्ष झाले. मी त्यांना मामलेदारकाका म्हणत असे. सभेचा वृत्तांत लिहायला नीटनेटकं अक्षर हवं म्हणून त्यांनी मला बोलावलं, आणि एक तरुण मुलगी पुरुषांच्या सभेत बसते म्हणून काही जणांनी मुरडलेली नाकं त्यांनी एका नजरेत सरळ केली. हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे.

सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी भरायची. भांडी बाजारात आमच्या एका नातेवाइकाचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या माडीवर. खाली आणि आजूबाजूला तांबटांची ठोकाठोक चालू असायची, त्यामुळे प्रत्येक वक्त्याला ओरडूनच बोलावं लागे. व्याख्यानांचे विषय भारदस्त असत. आपलं मूळ गाव, आपलं कुलदैवत, आपल्या पूर्वजांचा पराक्रम. या पराक्रमात एक वाघ होता. कुणा खापरपणजोबांनी तो नुसत्या कुऱ्हाडीने मारला होता, आणि दर सभेत तो वाघ वीतभर वाढत असे. मी प्रत्येक वेळची लांबी इमानदारीने लिहून ठेवली आणि एकदा भर सभेत विचारलं, यातला कुठला वाघ छापायचा? मामलेदारकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा महिनाभर गप्प बसले.

सभेचा खरा मानाचा क्षण वेगळाच. मांजरपाटाच्या जाड कापडावर चिकटवलेली लांबलचक वंशावळ सतरंजीवर उलगडायची आणि तिच्या चार कोपऱ्यांवर दुकानातले चार पितळी तांबे ठेवायचे. मग सगळे पुरुष धोतरं सावरत तिच्याभोवती उकिडवे बसत आणि आपापलं नाव शोधत. पुरुषांची नावं वर्तुळात होती. बायकांची नावं खाली, बारीक अक्षरात. मुलींची नावंच नव्हती. मी कारण विचारलं तेव्हा काका म्हणाले, "मुली लग्न होऊन दुसऱ्या कुळात जातात. त्यांची नोंद तिकडे होईल." तिकडे होते ती कुणाची तरी बायको म्हणून, आणि तीही सासरी ठेवलेल्या नावाने, हे मी मनात म्हटलं.

सासरच्या नावावरून आठवलं, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे. आमच्याकडे जुनी रीत होती की घरातल्या थोरल्या मुलाच्या बायकोचं नाव ठरलेलं असायचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने जे नाव लिहायचं, ते पिढ्यान् पिढ्या एकच. माहेरून ती काहीही नाव घेऊन येवो, उंबरा ओलांडला की ती ठरलेली ती. त्यामुळे वंशावळीत थोरल्या शाखेत सात पिढ्या खाली खाली एकच नाव दिसे, जणू एकच बाई सात नवऱ्यांना पुरून उरली होती. काकांना याचा केवढा अभिमान! पाहुण्यांना ते बोटाने दाखवत, "पाहा, घराण्याची लक्ष्मी बदलत नाही."

श्रावणातली सभा होती. फराळाचा चिवडा आमच्या घरचा होता, आणि तो डबा घेऊन माझी आत्या पहिल्यांदाच माडीवर आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच होती. तेव्हा तिची पन्नाशी उलटलेली, बुटकी, चपळ, आणि स्वतःसाठी कधी काही न मागणारी. तिने डबा ठेवला, सतरंजीच्या कडेशी थांबली आणि मला म्हणाली, "आपल्या घरचं वाचून दाखव गं."

मी वाचलं. आजोबांचं नाव, खाली त्यांच्या पत्नीचं म्हणजे ते ठरलेलं नाव, त्याखाली माझे वडील आणि त्यांचा धाकटा भाऊ.

"ते नाव एकदाच लिहिलंय?"

"एकदाच. का गं?"

"मग माझी आई कुठे आहे?"

आजोबांची दोन लग्नं झाली होती. पहिली बायको म्हणजे आत्याची आई. आत्या दीड वर्षाची असताना ती गेली. वर्षभरात दुसरी आली, आणि आता थोरली सून तीच म्हणून तिचंही नाव तेच ठेवलं. माझे वडील या दुसरीचे. तिने आत्याला इतका जीव लावून वाढवलं की ही आपली जन्मदाती नाही हे आत्याला दहाव्या वर्षी कळलं, तेही शेजारणीकडून. सगळं चांगलंच होतं. फक्त नाव एकच असल्यामुळे पहिलीबद्दल बोलायची कुणाला गरजच पडली नाही. दरवर्षी सर्वपित्रीला भटजी वडिलांकडून ते नाव दोनदा म्हणवून घेत, एकदा आईसाठी आणि एकदा सापत्न आईसाठी. दुसऱ्यांदा नाव आलं की स्वयंपाकघरात आत्याचा हात थांबे. "तेवढीच माझ्या आईची भेट," ती मला नंतर म्हणाली.

सभेत मी हे सांगितलं. मामलेदारकाका म्हणाले, "नाव आहे ना तिथे? मग झालं तर."

"ते दुसरीचं आहे, दादा," आत्या म्हणाली.

"पहिली होती याला पुरावा काय?"

"मी आहे की."

लोक हसले. वाईट मनाने हसले नसतील, पण माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, वाघाला पुरावा लागला नाही आणि बाईला लागतो होय? काकांनी सतरंजीवर हात आपटून मला गप्प केलं आणि निकाल दिला. एकच नाव दोनदा छापलं तर वाचणाऱ्याला छापखान्याची चूक वाटेल. पहिल्या पत्नीचं माहेरचं नाव आणि तिच्या मृत्यूची लेखी नोंद आणा, मग पाहू. वंशावळ दिवाळीनंतर छापायला जाईल, त्यानंतर काही होणार नाही.

आईचं माहेरचं नाव आत्याला ठाऊक नव्हतं. आजोळ नांदगावच्या बाजूच्या एका गावात होतं, आडनाव माहीत होतं, एवढंच. आईचे वडील गेले, मामा नव्हताच, घराला कुलूप लागलं आणि पुढे ते घरही राहिलं नाही.

घरी वडिलांनी वेगळीच आठी घातली. ते म्हणाले, "म्हणजे छापील पुस्तकात माझी आई दुसरेपणावर आलेली म्हणून जाणार. तिने काय वाईट केलं होतं कुणाचं?" त्यांचंही खोटं नव्हतं. आत्याने दारातून ऐकलं आणि म्हणाली, "राहू दे मग. मला मेलीला काय करायचंय पुस्तक!" आणि भाजी निवडायला बसली. तिचं ते 'राहू दे' मला सहन झालं नाही. मी वडिलांशी बोलणंच सोडलं. अबोला धरण्यात माझा हात धरणारं घरात कुणी नव्हतं.

पुरावा शोधायचा तर नाशकात जागा एकच, पंचवटीतले तीर्थोपाध्ये. यात्रेकरू गोदावरीवर आले की उपाध्ये आपल्या वहीत त्यांच्या घराण्याची नोंद करून घेतात. कोण आलं, कुणाच्या अस्थी आणल्या, मागे कोण आहे. प्रत्येक घराण्याचे उपाध्ये ठरलेले. आमच्या उपाध्यांकडे मी शाळा सुटल्यावर तीनदा गेले. त्यांनी कंटाळा न करता वही उघडली. आजोबांची नोंद होती, पत्नीचं ते एकच नाव होतं. पहिली कधी आली आणि कधी गेली याचा मागमूस नाही. तिसऱ्या खेपेला माझा तोल गेला. मी म्हटलं, "आमच्या कुळाला ती मेल्याचंसुद्धा कळलं नाही वाटतं!"

उपाध्ये तळहातावर तंबाखू मळत होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही सासरच्या वहीत शोधताय. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथेच राहिली असेल, तर अस्थी घेऊन कोण येणार? तिचा बाप. त्याची वही बघा की."

मंडळातल्या एवढ्या शहाण्या माणसांनी आणि मीही सगळा वेळ एकच वही चाळली होती. बाईलाही एक कूळ असतं, हे आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"नांदगावकडच्या लोकांचे उपाध्ये कुठे असतात?"

"हे काय, चार घरं सोडून."

चार घरं सोडून राहणारे ते उपाध्ये फार म्हातारे होते. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मुलगा यजमानांबरोबर रामकुंडावर. वही आहे, म्हणाले, गाव सांगा म्हणजे पान काढून देतो, पण वाचायला माणूस आणा. नोंदी मोडीत होत्या. मला मोडी धड येत नव्हती. आमच्या घरात ती सरसर वाचणारा माणूस एकच, आणि त्याच्याशी माझा अबोला चालू होता.

मी घरी येऊन वडिलांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि आत हाक मारली, "अक्का, चल." आत्या ओल्या हातांनीच बाहेर आली. आम्ही तिघं पूल ओलांडून पंचवटीत गेलो.

म्हाताऱ्या उपाध्यांनी बासन सोडलं. लांबट, जाड, कापडी पुठ्ठ्याची वही होती. पानं नुसती बोटांनी चाचपत त्यांनी ते गाव काढलं. कसं काढलं ते देव जाणे. वडील चष्मा लावून वाचू लागले. आधी आत्याच्या पणजोबांची नोंद, मग आजोबांची, एका यात्रेची. मग वडिलांचा आवाज खाली आला. आत्याच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आपली मुलगी अमुक, अमक्या घराण्यात दिली होती, ती तापाने वारली, वय वर्षे एकोणीस, अस्थी घेऊन आलो. ते नाव एका नदीचं होतं. गोदावरीचं नव्हे, दुसऱ्या एका नदीचं.

वडील थांबले.

"पुढे वाच ना," आत्या म्हणाली.

"मागे कन्या एक," वडिलांनी वाचलं. "चालू लागली आहे."

एवढंच होतं. पुढे सही. वडिलांनी चष्मा काढला आणि उपरण्याने पुसत बसले, तो पुसून होईचना. आत्या रडली नाही. ती पानाकडे पाहत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "मी चालायला लागले होते होय तेव्हा?" आई असतानाच्या आपल्या लहानपणाबद्दल तिला कुणी काही सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. मी मात्र रडले, मोठ्याने रडले, आणि त्याची मला अजून लाज वाटत नाही.

त्या पानावर पुढे पन्नासेक वर्षं कुणी आलेलं नव्हतं. उपाध्ये म्हणाले, रीतीप्रमाणे आज आलेल्यांची नोंद करा. वडिलांनी बोरू घेतला आणि मोडीत दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं म्हणून मी विचारलं.

"लिहिलं, कन्या येऊन गेली. सोबत भाऊ."

दिवाळी झाली. पुढच्या सभेला माडी गच्च भरली, कारण वंशावळ छापायला जायची होती आणि प्रत्येकाला आपलं वर्तुळ शेवटचं पाहून घ्यायचं होतं. मी नोंदीची बाळबोध नक्कल केली होती, तिच्यावर उपाध्यांच्या मुलाची सही होती. मामलेदारकाकांनी ती दोनदा वाचली आणि परत केली.

"हे दुसऱ्या कुळाचं दप्तर आहे," ते म्हणाले. "आपल्या कुलवृत्तांताला आपल्या कुळाचा पुरावा पाहिजे. हे चालवून घेतलं तर उद्या जो तो बायकांची माहेरं घेऊन येईल. मग याला अंत कुठला?"

वडील उठले. सभेत ते सहसा बोलत नसत. "माझी आई दुसरी होती," ते म्हणाले. "तसंच छापा. माझी हरकत नाही, आणि तिचीही नसती."

"प्रश्न हरकतीचा नाही, नियमाचा आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दाराशी डब्याजवळ बसलेली आत्या बोलली. आवाज अगदी साधा, चहात साखर किती घालू म्हणून विचारावं तसा.

"दादा, तुमच्या आईचं माहेरचं नाव काय हो?"

"अगं, तीही थोरलीच सून. ते काय, तेच नाव."

"ते सासरचं झालं. तिच्या आईने तिला काय म्हणून हाक मारली असेल?"

काकांनी तोंड उघडलं. मग वंशावळीकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलेलं सापडेल. खालची ठोकाठोक त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट ऐकू आली, कारण माडीवर दुसरा आवाजच नव्हता. सटाण्याकडून आलेले एक म्हातारे शेतकरी भाऊबंद होते, ते कधीच बोलत नसत. ते आपल्या बोलीत पुटपुटले, "मनी मायनं नाव माले बी ठाऊक नई." मग शेजारच्याने मान हलवली, मग त्याच्या शेजारच्याने. वाघाची लांबी तोंडपाठ असलेली माणसं ती, पण आपल्या आईचं जन्माचं नाव त्या माडीवर एकालाच माहीत होतं, तेही त्याचा मामा शेजारच्या गल्लीत राहायचा म्हणून.

काकांनी वंशावळीवरची सुरकुती तळहाताने सपाट केली. मला वाटलं आता ओरडतील. ते मला म्हणाले, "लिही."

"ठराव का?"

"ठराव राहू दे. हिच्या आईचं नाव लिही. आजोबांच्या खाली, पहिलं."

मी सतरंजीवर गुडघे टेकले. कोपऱ्यावरचा तांब्या बाजूला सरकवला आणि लिहिलं. माझ्या ज्या अक्षराचं कौतुक होतं, ते नेमकं तेव्हा वाकडं आलं. आत्या जवळ येऊन वाकली, शाई वाळेपर्यंत पाहत राहिली, आणि मग सगळ्यांना चिवडा वाढायला गेली. कुणालाही विसरली नाही, काकांना तर दोनदा वाढला.

"छापखान्याला कळवा," काका म्हणाले, "थांबा म्हणावं."

छापखाना वर्षभर थांबला. त्या हिवाळ्यात आमच्या कुळातले म्हातारे परक्या उपाध्यांची दारं शोधत पंचवटीत हिंडताना दिसायचे. कुणी येवल्याला गेलं, कुणी आणखी कुठल्या खेड्यात मामेभावांना भेटून आलं. चाळीस-चाळीस वर्षं बंद पडलेले येण्याजाण्याचे रस्ते उघडले. पुस्तकात प्रत्येक सुनेच्या नावापुढे माहेरचं नाव आलं. मुलींची नावं मात्र आली नाहीत. त्यासाठी मी तीन सभा भांडले आणि हरले, आणि तो राग अजून माझ्यापाशी आहे. पण माझं लग्न ठरलं तेव्हा नाव बदलायचं नाही असं मी आधीच कळवलं, आणि वडिलांनी ते पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं.

त्याच हिवाळ्यात, माघातल्या एका दुपारी मामलेदारकाका आमच्या दारात उभे राहिले. धोतराला धूळ, हातात काठी, थेट स्टेशनवरून आलेले. घरीसुद्धा गेले नव्हते. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. त्यांनी आत्याला बाहेर बोलावलं.

"सापडलं," ते म्हणाले.

आणि त्यांनी आपल्या आईचं नाव आत्याला सांगितलं. मग तेच नाव पुन्हा एकदा घेतलं, या वेळी हळू, कुणाला तरी हाक मारल्यासारखं.